नाळेचे रक्त : साठवायचे कोणी आणि पैसे द्यायचे कोणी?

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांतल्या लेकी-सुना बाळंतपणासाठी इंदूर, बडोदा किंवा पुण्याला जातात. सातवा-आठवा महिना लागला की एक गुळगुळीत माहितीपत्रक हाती पडते, पाठोपाठ फोनही येतो. बाळाच्या नाळेतील रक्त जन्माच्या वेळीच काढून साठवा, पुढे मोठ्या आजारात तेच उपयोगी पडेल, असे त्यात सांगितलेले असते. रक्कम लहान नसते. योजनेप्रमाणे ती काही दहा हजारांपासून लाखाच्या घरात जाते. मग घरात चर्चा होते, आजी-आजोबा मुदतठेव मोडायला तयार होतात. एवढे महत्त्वाचे असेल तर सरकार यासाठी पैसे का देत नाही, असेही कोणीतरी विचारते.

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे. आमचे मत आधीच सांगतो. प्रत्येक बाळाचे रक्त त्याच्याच नावावर साठवण्यासाठी सरकारी पैसा मागणे योग्य नाही. आपल्या भागात रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी, आजारी मुलाच्या भावंडाचे नाळरक्त जपणे आणि प्रत्यारोपणाची सोय यांसाठी मात्र आपण सर्वांनी मिळून आग्रह धरायला हवा. असे का, ते पुढे पाहू.

नाळेच्या रक्तात असते काय?

बाळ जन्मल्यावर नाळ कापली जाते, वार बाहेर पडते. पूर्वी नाळ अंगणात पुरत असत, आता ती रुग्णालयाच्या कचऱ्यात जाते. नाळेत आणि वारेत साधारण ६० ते १२० मिलिलिटर रक्त उरलेले असते. त्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट हे सर्व या मूळ पेशींपासून बनते. मोठ्या माणसात त्या मुख्यतः अस्थिमज्जेत, म्हणजे बोन मॅरोमध्ये असतात.

ज्या रुग्णाची मज्जा बिघडली आहे, त्याला दुसऱ्याच्या निरोगी मूळ पेशी देता येतात. त्या मज्जेतून घेता येतात, तशा नाळरक्तातूनही. नाळरक्ताचे पहिले प्रत्यारोपण ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी केले. रुग्ण फॅन्कोनी ॲनिमिया झालेला एक लहान मुलगा होता आणि रक्त होते त्याच्या नवजात बहिणीचे. म्हणजे पहिल्या यशात रक्त कामी आले ते भावंडाच्या. ते ज्या बाळाच्या नाळेतले होते, त्या बाळाला त्याची गरज नव्हती. ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवावी.

स्वतःसाठी साठवलेले रक्त किती उपयोगी?

माहितीपत्रकात आजारांची लांबलचक यादी असते. त्यात थॅलेसेमिया आणि सिकल सेल ठळक अक्षरांत छापलेले असतात. पण हे आजार जनुकातून येतात. बाळाला सिकल सेल असेल तर तोच दोष त्याच्या नाळेतील मूळ पेशींतही असतो. त्यामुळे त्याचेच रक्त त्याला परत देऊन आजार बरा होत नाही. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातही डॉक्टर सहसा रुग्णाचे स्वतःचे नाळरक्त वापरत नाहीत, कारण आजाराचे बीज त्यात आधीपासून असू शकते.

इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली याविषयी एकमताचे निवेदन प्रसिद्ध केले. आयुष्याच्या पहिल्या वीस वर्षांत स्वतःचे साठवलेले रक्त वापरण्याची वेळ येण्याची शक्यता त्यात ०.०४ टक्के ते ०.०००५ टक्के इतकी दिली आहे. म्हणजे अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही, म्हणजे आयसीएमआरने, 'जैविक विमा' म्हणून असे रक्त साठवण्याची शिफारस केलेली नाही.

आणखी दोन गोष्टी. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मधुमेह यांवर मूळ पेशींचा उपचार अजून सिद्ध झालेला नाही. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा उपचार फक्त रीतसर संशोधनाचा भाग म्हणून करता येतो. त्याच तत्त्वांनुसार नाळेतील रक्त सोडून नाळेचा तुकडा, दातातील गर किंवा मासिक पाळीचे रक्त साठवण्याच्या व्यवसायाला परवानगी नाही. 'रक्तासोबत नाळही साठवा, थोडे जास्त भरा' असे कोणी म्हणाले तर हे आठवावे.

सरकारने आजवर काय दिले?

सरकारने यात काहीच दिले नाही असे नाही. २०११ च्या अखेरीस औषध नियमांत बदल झाला आणि नाळरक्त बँकांना परवाना घेणे बंधनकारक झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये या बँकांच्या साठवण सेवेला सेवाकरातून सूट मिळाली. जीएसटी आल्यावर, म्हणजे जुलै २०१७ नंतरही, ती सूट चालू राहिली. १८ जुलै २०२२ पासून ती काढून घेण्यात आली आणि या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागू झाला. पन्नास हजारांच्या योजनेवर नऊ हजार रुपये कर, असा त्याचा हिशेब.

करमाफी हासुद्धा सरकारी मदतीचाच एक प्रकार आहे. तिजोरीत येणारा पैसा सरकार सोडून देते. त्या आठ वर्षांत ही सवलत ज्यांना खाजगी साठवण परवडत होती त्यांनाच मिळाली. सिकल सेलच्या वेदनेने रात्रभर रडणाऱ्या मुलाच्या आईला त्यातून काही मिळाले नाही. सूट गेल्यावर अनेकांनी नाराजी व्यक्त केली आणि वाढलेला खर्च कोणालाच नको असतो, हे आम्हाला मान्य आहे. पण सार्वजनिक पैशाची कसोटी एकच असते. तो पैसा ज्याची गरज मोठी आहे त्याच्यापर्यंत पोहोचला का? या कसोटीवर ती सवलत उतरत नव्हती.

सार्वजनिक बँक म्हणजे काय?

खाजगी बँकेत पिशवी आपल्या नावावर राहते. सार्वजनिक बँकेत ती दान असते. आईकडून पैसे घेत नाहीत, पिशवीवर कुटुंबाचा हक्क राहत नाही आणि ज्या रुग्णाशी जुळेल त्याला ती दिली जाते. रक्तपेढीला रक्त द्यावे तसेच हे आहे.

अशी पहिली बँक १९९२ साली न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये सुरू झाली. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा १९९६ पासून आपली बँक चालवते. अमेरिकेने २००५ साली कायदा करून सरकारी निधी दिला आणि दीड लाख नव्या पिशव्या जमवण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यामागे कारण होते. नाळरक्त पूर्ण जुळले नाही तरी काही प्रमाणात चालते. ज्या समाजांतील माणसे मज्जादात्यांच्या नोंदणीत कमी आहेत, त्यांच्यातील रुग्णांना याचा फायदा होतो. त्यामुळे सरकारी पैसा अशा समाजांच्या पिशव्या जमवण्यासाठी वापरला गेला.

भारतातही प्रयत्न झाले. चेन्नईच्या जीवन या ना-नफा संस्थेने सार्वजनिक नाळरक्त बँक उभारली. पण हे काम खर्चिक आहे. जमा झालेल्या पिशव्यांपैकी बऱ्याच पिशव्यांत पेशी कमी निघतात आणि त्या बाद होतात. उरलेल्यांची संसर्गाची चाचणी, ऊती जुळणीची चाचणी आणि उणे १९६ अंश सेल्सियस तापमानात द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे साठवण करावी लागते. त्यांतली फारच थोडी पिशवी कधी वापरली जाते. हजारो पिशव्या जमेपर्यंत जुळणी मिळण्याची आशा नसते आणि तोवर खर्च चालूच राहतो. देणग्यांवर हे फार काळ चालत नाही.

शिवाय एका पिशवीतील पेशी वजनदार प्रौढाला बहुधा कमी पडतात. गेल्या काही वर्षांत आई, बाप किंवा मुलगा अशा अर्ध्या जुळणाऱ्या नातेवाइकाच्या पेशी वापरण्याची पद्धत सुधारली आणि जगभर नाळरक्ताची मागणी घटली. म्हणजे वीस वर्षांपूर्वी मोठी सार्वजनिक बँक मागण्यात जेवढा अर्थ होता, तेवढा आज उरलेला नाही.

कुक्षीच्या दृष्टीने अंतराचाही विचार हवा. नाळरक्त काढल्यावर साधारण ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत प्रक्रियेला लागले तर चांगले. इथून इंदूर काही तासांवर, तिथून विमानाने दुसऱ्या शहरात. रात्री-अपरात्रीच्या बाळंतपणात प्रशिक्षित नर्स, योग्य पिशवी आणि वेळेवर वाहन या सगळ्याची जुळवाजुळव तालुक्याच्या रुग्णालयात व्हायला हवी. ही अपेक्षा मोठी आहे, आणि तेवढ्याच कष्टांत याहून उपयोगी कामे होऊ शकतात.

आपल्या भागाचा खरा प्रश्न

कुक्षी, बाग, डही, निसरपूर, मनावर आणि शेजारचे आलीराजपूर, झाबुआ, बडवानी हा सगळा आदिवासीबहुल पट्टा. इथल्या भिल्ल आणि भिलाला समाजांत सिकल सेलचे प्रमाण मोठे आहे. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखतात. मुलाला वारंवार ताप येतो, रक्त कमी होते, शाळा बुडते. ही मुले आपल्याच गावच्या शाळांत आपल्या मुलांच्या शेजारी बसतात. 'तो त्यांचा आजार' असे म्हणून आपल्याला बाजूला होता येणार नाही. विदर्भात आणि खानदेशात हा आजार आदिवासींबरोबर काही अनुसूचित जाती व इतर मागास समाजांतही आढळतो आणि आपल्यातली अनेक घरे सोयरिकीने तिकडे जोडलेली आहेत. थॅलेसेमियाचे वाहक तर सर्वच समाजांत सापडतात.

या बाबतीत सरकारी पैसा आला आहे. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशात हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांविरुद्धची मोहीम जाहीर झाली आणि सुरुवात आपल्या शेजारच्या झाबुआ व आलीराजपूर जिल्ह्यांपासून झाली. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकल सेल ॲनिमिया निर्मूलन मिशन सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे उच्चाटन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयात २०१८ साली सरकारी बोन मॅरो ट्रान्सप्लांट युनिट सुरू झाले. कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत, उत्पन्नाची अट पूर्ण करणाऱ्या कुटुंबातील मुलाला भावंडाची मज्जा जुळत असल्यास प्रत्यारोपणासाठी दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळते.

नाळरक्त खरोखर उपयोगी पडते ते इथे

घरात एखादे मूल थॅलेसेमिया किंवा सिकल सेलने आजारी आहे आणि आई पुन्हा गरोदर आहे, अशी कल्पना करा. दोन सख्ख्या भावंडांची ऊती पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. नव्या बाळाला तोच आजार नसण्याची शक्यता ७५ टक्के. दोन्ही गोष्टी एकत्र जमण्याची शक्यता सोळांत तीन, म्हणजे जवळपास १९ टक्के. नवे बाळ फक्त वाहक असले तरी ते दाता होऊ शकते.

दोन लाखांत एक कुठे आणि सोळांत तीन कुठे! इथे नाळरक्त जपण्याला ठोस कारण आहे. युरोपातील केंद्रांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका मोठ्या पाहणीत, पूर्ण जुळणाऱ्या भावंडाकडून प्रत्यारोपण झालेल्या थॅलेसेमिया व सिकल सेलच्या ४८५ रुग्णांचा अभ्यास होता. सहा वर्षांनंतर मज्जा दिलेले ९५ टक्के आणि नाळरक्त दिलेले ९७ टक्के रुग्ण हयात होते. बालरोगतज्ज्ञांची संघटनाही अशा कुटुंबांनी नाळरक्त जपावे असेच म्हणते. ब्रिटनमध्ये अशा कुटुंबांसाठी हे काम सरकारी आरोग्यसेवाच करते.

आणि समजा, नाळरक्त जपायचे राहून गेले, तरी दार बंद होत नाही. धाकटे भावंड थोडे मोठे झाल्यावर त्याच्या मज्जेतून पेशी घेता येतात. म्हणून 'साठवले नाही, आता काय होणार' अशी टोचणी कोणा आई-वडिलांनी मनाला लावून घेऊ नये.

मग आपण मागायचे काय?

आमदार, खासदार किंवा जिल्हा रुग्णालयाच्या रोगी कल्याण समितीपुढे विषय काढण्याची संधी आली, तर आपल्या मंडळींनी या चार गोष्टी मांडाव्यात असे आम्हाला वाटते.

एक, प्रत्येक गरोदर महिलेची पहिल्या तीन महिन्यांतच सिकल सेल आणि थॅलेसेमियाची तपासणी व्हावी. ती वाहक निघाली तर पतीची तपासणी त्याच आठवड्यात व्हावी. दोघेही वाहक असतील तर गर्भाची तपासणी करता येते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्थेत ही सोय आहे. पण तिथपर्यंत वेळेत पोहोचण्यासाठी आपल्याकडचा अहवाल आधी यायला हवा.

दोन, ज्या घरात आजारी मूल आहे, त्या घरातील पुढच्या बाळंतपणात नाळरक्त काढणे, तपासणे आणि जपणे हा खर्च सरकारने करावा. अशी कुटुंबे मोजकी असतात. त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो आणि उपयोग मोठा होतो.

तीन, आजारी मुलाच्या सर्व भावंडांची ऊती जुळणी चाचणी मोफत व्हावी. इंदूरच्या युनिटला पुरेसे डॉक्टर, नर्स आणि औषधे मिळावीत. यंत्रे आहेत पण माणसे नाहीत, अशी स्थिती येऊ नये.

चार, सिकल सेल आणि थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त मोफत आणि बदली दाता न मागता मिळावे. नियम तसाच आहे. तो पाळला जातो की नाही, हे पाहणे आपल्या हातात आहे.

घरापुरते काय करावे?

खाजगी साठवणुकीचा करार करायचा की नाही, हा प्रत्येक कुटुंबाचा निर्णय आहे. कोणी केला असेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त सही करण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. बँकेकडे केंद्रीय औषध नियंत्रकांचा चालू परवाना आहे का? पिशवीत पेशी कमी निघाल्या तर पैसे परत मिळतील का? दरवर्षीचे शुल्क किती? कंपनी बंद पडली तर पिशवीचे काय? शेवटचा प्रश्न उगाच नाही. २०२३ साली सिंगापूरच्या आरोग्य मंत्रालयाला एका मोठ्या खाजगी बँकेच्या टाक्यांतील तापमान बिघडल्याचे आढळले आणि सुमारे २,२०० पिशव्या निकामी ठरल्या.

प्रसूतीच्या वेळी नाळ लगेच कापण्याची घाई करू नका, हेही डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. जागतिक आरोग्य संघटना जन्मानंतर किमान एक मिनिट थांबण्यास सांगते. त्या वेळात नाळेतले रक्त बाळाच्याच अंगात जाते आणि पुढच्या महिन्यांत त्याला लोहाची कमतरता कमी भासते. पिशवी भरावी म्हणून बाळाच्या वाट्याचे रक्त कमी करू नये.

लग्न ठरवताना पत्रिकेसोबत रक्ताचा एक अहवालही पाहावा. दोघांपैकी एक जण वाहक असेल तर लग्न मोडण्याचे काहीच कारण नाही. दोघेही वाहक असतील तर निदान आधी माहीत असावे.

आणि आपल्या घरातील १८ वर्षांवरील मुलामुलींनी चेन्नईच्या दात्री या मूळ पेशी दात्यांच्या नोंदणीत नाव घालण्याचा विचार करावा. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, तेवढेच. आपल्या मातीतील एखाद्या मुलाला कधी दाता लागला तर तो शोधताना आपल्या समाजाची नावे त्या यादीत सापडायला हवीत. त्यासाठी मुदतठेव मोडावी लागत नाही.